मार्क्सिस्ट्स इंटरनेट आर्काइव्ह: कोलोंताय आणि झेटकिन मुळातून वाचायच्या असतील तर

रशियन क्रांतिकारक लेखिका अलेक्सांद्रा कोलोंताय यांच्याबद्दल मतं देणारे पुष्कळ, त्यांचं लेखन वाचलेले मोजके. पुस्तकं सहज मिळत नाहीत, हे त्याचं एक मोठं कारण. मार्क्सिस्ट्स इंटरनेट आर्काइव्ह ही ऑनलाइन लायब्ररी ही अडचण बरीचशी दूर करते. स्वयंसेवक ती चालवतात. तिथे खातं उघडावं लागत नाही, पैसे पडत नाहीत, जाहिराती मध्ये येत नाहीत. पानं इतकी हलकी की कमी रेंजमध्येही उघडतात. प्रेम, कुटुंब आणि युद्ध यांवरचं सुरुवातीचं समाजवादी स्त्रीवादी लेखन वाचायचं असेल, तर इथूनच सुरुवात करा. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा का कापला, ते पुढे येईलच.

शिरायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे 'विमेन अँड मार्क्सिझम' हा विषयवार विभाग, आणि दुसरा म्हणजे लेखकाचं स्वतंत्र पान. दुसरा घ्या. तिथे लेखन सालवार लावलेलं असतं आणि या साइटचा खरा उपयोग तिथेच आहे. पत्ता हाताने टाइप करणार असाल तर कोलोंताय यांच्या फोल्डरच्या नावात इंग्रजी आठच अक्षरं आहेत, शेवटचं 'आय' गाळलेलं. पूर्ण आडनाव टाकलंत तर पान सापडणार नाही.

गुगलवरून थेट एखाद्या लेखावर उतरणं टाळा. तसं उतरलं की लेख कोणत्या सालचा, कोणासाठी लिहिलेला, हे न बघताच वाचन सुरू होतं आणि मग घोळ होतो. लेखाच्या माथ्यावर प्रथम प्रसिद्धी, मूळ पुस्तक, अनुवादक अशी माहिती दिलेली असते, ती आधी वाचा. कोलोंताय यांचे बरेच महत्त्वाचे लेख अॅलिक्स होल्ट यांच्या १९७७ च्या अनुवादातले आहेत, काही मॉस्कोच्या प्रोग्रेस पब्लिशर्सच्या १९८४ च्या निवडीतले. निवडणाऱ्याची नजर वेगळी असली की लेखिकेचं चित्रही वेगळं दिसतं. प्रोग्रेसचा संग्रह सोव्हिएत सरकारी छापखान्यातून आलेला आहे, एवढं ध्यानात असू द्या.

सुरुवात युद्धापासून करा, प्रेमापासून नको. ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन सोशल डेमोक्रॅट खासदारांनी राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, युद्धकर्जाच्या बाजूने मत दिलं आणि कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना कोसळली. बायकांची फळी मात्र पूर्ण मोडली नाही. मार्च १९१५ मध्ये जर्मन समाजवादी नेत्या क्लारा झेटकिन यांच्या पुढाकाराने स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे समाजवादी स्त्रियांची परिषद भरली आणि एकमेकांशी लढणाऱ्या देशांतल्या बायका एका टेबलाशी बसल्या. युद्धविरोधी समाजवादी नेत्यांची झिमरवाल्ड परिषद त्यानंतर, सप्टेंबरमध्ये. याच काळातली कोलोंताय यांची 'युद्ध कोणाला हवंय?' ही पुस्तिका आधी उघडा. ती सैनिकांसाठी लिहिलेली आहे, म्हणून वाक्यं छोटी आणि थेट. पहिल्याच भागात हात गेलेले, पाय गेलेले, डोळे गेलेले 'वीर' येतात. युद्ध अजून संपलेलं नाही आणि पांगळ्यांची संख्या मात्र वाढतेच आहे, इथून ती सुरू होते. सिद्धांत नंतर येतो.

मग १९२० चा 'साम्यवाद आणि कुटुंब'. हा लेख सर्वांत जास्त वापरला जातो आणि सर्वांत जास्त चुकीचा वाचला जातो. युक्तिवाद हिशोबी आहे. सूतकताई, विणकाम, मेणबत्त्या, साबण ही कामं एकेकाळी घरात होत, मग ती कारखान्यात गेली. घरात उरलं काय? झाडलोट, स्वयंपाक, धुणं आणि कपड्यांची डागडुजी. तीही सार्वजनिक खानावळी, धुलाईकेंद्रं आणि शिवणकेंद्रांकडे जातील, असं कोलोंताय मांडतात. वाचणाऱ्यांची चूक होते ती इथे: 'आईबापांपासून मुलं तोडणार' असा आरोप त्यांच्या माथी मारला जातो, पण तसं होणार नाही असं त्या याच लेखात बजावून सांगतात. हा लेख रशियातल्या गृहयुद्धातला, रेशन आणि सार्वजनिक जेवणाच्या काळातला आहे. ते विसरलं तर त्यातला आशावाद भाबडा वाटतो. प्रत्यक्षात लिहिणारीसमोर रोज चालणाऱ्या खानावळी होत्या, बऱ्यावाईट कशाही असोत.

लगेच पुढचं १९२१ चं लेखन उघडा, आणि हे टाळू नका. तिथे मातृत्व हे समाजाप्रतीचं कर्तव्य ठरतं, लोकसंख्येच्या आरोग्याची चिंता येते, त्यासाठी विवाहसंबंधांत लक्ष घालायची समाजाला मुभा मिळते. आजच्या वाचकाला हे टोचतं आणि टोचायलाच हवं. मुक्त प्रेमाची पुरस्कर्ती म्हणून ज्यांना नावाजलं किंवा झोडपलं, त्यांच्या लेखनातली ही बाजू दोन्हीकडचे लोक बाजूला ठेवतात.

आता प्रेम. १९२३ मध्ये 'मोलोदाया ग्वार्दिया' मासिकात आलेलं तरुण कामगारांना उद्देशून लिहिलेलं पत्र, 'पंख असलेल्या इरोसला वाट द्या' (इरोस म्हणजे ग्रीक प्रेमदेवता), हे या साइटवरचं सर्वांत समृद्ध पान. टोळीजीवनापासून सरंजामी काळापर्यंत आणि पुढे भांडवली काळापर्यंत प्रेमाची कल्पना कशी बदलली, ते त्यात येतं. गृहयुद्धाच्या धामधुमीत केवळ शारीरिक ओढीचा, म्हणजे बिनपंखी इरोस पुढे आला. कारण क्रांतीला सगळी मानसिक शक्ती हवी होती. आता शांतता आली, तर मन, आदर आणि सहवास यांनी गुंफलेलं प्रेम परत येईल, असं त्या म्हणतात. कामगारवर्गाच्या प्रेमासाठी तीन कसोट्या दिल्या आहेत: नात्यातली समानता, जोडीदाराच्या हृदयावर आणि आत्म्यावर मालकी न सांगणं, आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते समजून घेण्याची संवेदनशीलता. मात्र हे सगळं समूहाप्रतीच्या निष्ठेखाली ठेवलेलं आहे. हे पान एकदम वाचू नका. ऐतिहासिक भाग एका बैठकीत आणि तीन कसोट्यांचा भाग दुसऱ्या बैठकीत वाचा.

सालवार मांडणीचं महत्त्व इथे कळतं. 'तहान लागली की ग्लासभर पाणी प्यावं, तसा संभोग' हे मत कोलोंताय यांच्या नावावर खपवलं जातं. झेटकिन यांच्या पानावर त्यांनी लिहून ठेवलेला लेनिनशी संवाद आहे. त्यात लेनिन पाण्याच्या ग्लासवाल्या सिद्धांतावर चिडतात. डबक्यातलं किंवा अनेक ओठांनी चिकट झालेल्या ग्लासातलं पाणी कोण पिईल, असं विचारतात. कोलोंताय यांचं नाव तिथे नाही. संवाद १९२० मधला आहे आणि वर सांगितलेलं पत्र १९२३ चं. पत्रात बिनपंखी इरोसला कमी लेखलंय. म्हणजे ज्या वाक्याचा आधार देतात, ते कोलोंताय यांच्या मांडणीच्या उलट जातं. दोन टॅब उघडून दहा मिनिटांत हे पडताळता येतं. झेटकिन यांचा मजकूर लेनिनच्या मृत्यूनंतर, आठवणीतून प्रसिद्ध झालेला आहे, हेही सोबत नोंदवा.

आणखी एक जोडी: १७ आणि २४ जानेवारी १९१५ ची लेनिनची आपल्या क्रांतिकारक सहकारी इनेसा आर्मांड यांना लिहिलेली पत्रं, संकलित लेखनाच्या ३५ व्या खंडात. आर्मांड एक पुस्तिका लिहीत होत्या, त्यात 'प्रेमस्वातंत्र्य' ही मागणी होती. लेनिन दहा मुद्द्यांची यादी करून विचारतात, नेमकं कशापासून स्वातंत्र्य? पैशाच्या हिशोबापासून, धार्मिक पूर्वग्रहांपासून, की प्रेमातल्या गांभीर्यापासून आणि मूल होण्यापासून? मुद्दे धारदार आहेत. पण आर्मांड यांची बाजू लेनिनच्या उत्तरातूनच समजते, ती पुस्तिका कधी छापलीच गेली नाही. अर्धा संवाद ऐकतोय हे भान ठेवूनच वाचा.

जर्मन समाजवादी नेते ऑगस्ट बेबेल यांचं 'स्त्री आणि समाजवाद' (मूळ १८७९) इथे अमेरिकन समाजवादी डॅनियल डी लिऑन यांच्या अनुवादात आहे. अनुवादकाची प्रस्तावना चुकवू नका: एकपत्नीत्वाच्या भविष्याबद्दल ते तिथे बेबेलशी सरळ मतभेद नोंदवतात.

आता तो कापलेला अर्धा गुण. मोबाइलवर ओळी लांबच लांब होतात, म्हणून ब्राउझरचा रीडर मोड चालू करा. मार्क्स-एंगल्सच्या ५० खंडी संकलनातला मजकूर २०१४ मध्ये प्रकाशकाच्या मागणीवरून काढावा लागला. एंगल्सचं १८८४ चं कुटुंबावरचं पुस्तक मात्र वेगळ्या अनुवादात शाबूत आहे. सर्वांत मोठी उणीव म्हणजे कोलोंताय यांच्या यादीत पुढे काय झालं ते दिसत नाही. सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचा स्त्रीविभाग १९३० मध्ये बंद झाला, १९२० मध्ये कायदेशीर झालेला गर्भपात १९३६ मध्ये पुन्हा बंदीत गेला, आणि १९४६ चा त्यांचा लेख सोव्हिएत स्त्रीच्या पूर्ण समानतेचं कौतुक करतो. मधली पोकळी इतर इतिहासग्रंथांतून भरावी लागते.

वाचनमंडळासाठी प्रिंट काढणार असाल तर माथ्यावरची प्रताधिकाराची ओळ तपासा, कारण जुन्या मजकुराचाही अनुवाद नवा असू शकतो. बऱ्याच पानांवर छापील पुस्तकाचे पृष्ठक्रमांक नसतात, तेव्हा संदर्भ देताना उपशीर्षक आणि परिच्छेद लिहा. नाहीतर चर्चेत ओळ शोधण्यातच वेळ जातो.