स्टेलारिस की होमवर्ल्ड: नवं जहाज कुठे बांधावं?

मॉडसाठी, म्हणजे गेममध्ये आपली भर घालण्यासाठी, पहिलं जहाज करायला बसलात, की ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी गेम ठरवा. स्टेलारिस आणि होमवर्ल्ड हे दोन्ही अंतराळातले स्ट्रॅटेजी गेम. दोन्हीकडे जहाज बनतं, पण घडण अगदी वेगळी.

स्टेलारिसमध्ये (२०१६) क्रूझर हे लढाऊ जहाज म्हणजे एक अखंड जहाज नव्हे, तीन तुकडे: नाक, मध्य आणि शेपूट. खेळाडू कुठलंही नाक कुठल्याही शेपटीला जोडतो, त्यामुळे प्रत्येक सांधा प्रत्येकाशी जुळायला हवा. माझ्या क्रूझरचं नाक एकटं झकास दिसायचं. दुसऱ्या मध्यभागाला लावलं, की मानेत बोटभर फट. तीन संध्याकाळी त्या फटीतच गेल्या. म्हणून सुरुवात कॉर्व्हेट या छोट्या लढाऊ जहाजाने करावी, त्याला एकच भाग असतो. जहाजाचे आकडे (ताकद वगैरे) साध्या मजकुराच्या फायलींत असतात, नोटपॅडवरही बदलता येतात.

होमवर्ल्ड रीमास्टर्डमध्ये (२०१५) जहाज अखंड. सांध्यांची कटकट नाही, तुम्ही काढलेली रेषा तशीच राहते. पण कॅमेरा पार जवळ जातो, आणि आळशीपणाने चिकटवलेलं टेक्श्चर (मॉडेलवर चढवलेलं चित्र) लगेच उघडं पडतं. ब्लेंडरमधलं मॉडेल डीएई फाइल करून हॉडॉर नावाच्या टूलने एचओडी या गेमच्या फॉरमॅटमध्ये बदलावं लागतं. जहाजाची ताकद, वेग वगैरे लुआ या प्रोग्रामिंग भाषेतल्या फायलीत.

चित्रकाराचा हात असेल तर मी होमवर्ल्डच सांगेन. स्टेलारिसमध्ये खेळाडू बहुतेक वेळ नकाशावरच असतो. तुमची नक्षी बघायला थांबतो कोण?