सोरायसिस: नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये जायचं की मेथोट्रेक्सेटवरच राहायचं?

सोरायसिस म्हणजे चट्टे-खाजेचा त्वचेचा आजार. त्याच्या नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल, म्हणजे माणसांवरच्या चाचणीबद्दल, विचारणा झाली की पहिला प्रश्न येतो, सेफ आहे का? रिस्क तर दोन्हीकडे आहे, पण मेथोट्रेक्सेट या जुन्या औषधाची माहीत झालीये आणि नव्याची अजून शोधताहेत.

मेथोट्रेक्सेट पन्नासहून जास्त वर्षं सोरायसिसला देताहेत. मळमळ, लिव्हरवर ताण, रक्तपेशी कमी होणं हे सगळं डॉक्टरांना तोंडपाठ आहे म्हणून ब्लड टेस्ट ठरलेल्या, जोडीला फॉलिक ॲसिड, आणि प्रेग्नन्सीत अजिबात नाही. खरी भीती चुकून रोज घेण्याची, कारण गोळी आठवड्यातून एकदाच असते आणि रोज घेतली तर जिवावर बेततं. मी पाकिटावर जाड पेनाने "फक्त रविवार" लिहिते, तुम्हीही लिहाच.

आता ट्रायल. फेज 1 मध्ये मोजकी माणसं, फेज 2 मध्ये शेकड्याने, फेज 3 मध्ये बऱ्याचदा हजाराच्या वर. पण 1000 जणांत एखादा गंभीर त्रास कुणालाच झाला नाही तरी तो हजारात 3 जणांपर्यंत होऊ शकतो, गणितच तसं आहे. शिवाय काही त्रास दिसायलाच खूप वेळ लागतो. एफालिझुमॅब हे सोरायसिसचंच इंजेक्शन, अमेरिकेत 2003 ला मंजूर झालं आणि 2009 ला बाजारातून काढावं लागलं, कारण पीएमएल नावाचं मेंदूचं जीवघेणं इन्फेक्शन झालं, आणि तेही तीन वर्षांहून जास्त काळ औषध घेतलेल्यांना. ट्रायलच्या पहिल्या 12-16 आठवड्यांत हे कुठून दिसणार?

तरी एक सांगते, ट्रायलमध्ये लक्ष जास्त असतं. वरचेवर तपासण्या होतात, मोठ्या ट्रायलवर वेगळी सेफ्टी कमिटी असते आणि ती ट्रायल थांबवायला सांगू शकते, तुम्हीही कधीही बाहेर पडू शकता. पण आधीचं औषध काही आठवडे बंद करायला लावतात, त्यात प्लासिबो, म्हणजे दिसायला तसंच पण औषध नसलेलं, वाट्याला आलं तर अंगावरचे चट्टे परत उसळतात, रात्रभर खाज, चादरीवर कोंडा, याची मनाची तयारी हवी.

माझं मत विचाराल तर मेथोट्रेक्सेट लागू पडतंय आणि रिपोर्ट चांगले येताहेत तर हलू नका. ते चाललं नाही किंवा लिव्हर साथ देत नाही, तर फेज 3 चा विचार जरूर करा, फेज 1 ला मी जाणार नाही. संमतीपत्र घरी आणून शांतपणे वाचा आणि सही करण्याआधी विचारा, रात्री ताप भरला तर फोन कुणाला करायचा, काही इजा झाली तर खर्च कोण देणार आणि ट्रायल संपल्यावर औषध मिळणार का.