अकरा महिने पैसे भरून वाचलेलं आपल्याच किनाऱ्याचं बोटिंग मासिक

आधीच सांगतो, मासिकाचं नाव लिहिणार नाही. ज्यांना ओळखायचंय ते दोन परिच्छेदांत ओळखतील, आणि ज्यांना नाही ओळखता येणार त्यांच्याही किनाऱ्यावर असलंच एखादं मासिक असेल किंवा असायचं.

माझं आणि त्याचं नातं जुनं. दुसऱ्यांच्या बोटीवर फुकट हात चालवायला जायचो तेव्हा केबिनमध्ये उशीखाली, इंजिनच्या झाकणावर, कुठेही त्याचे अंक पडलेले असायचे, दमट होऊन फुगलेले, पानांवर डिझेलचे डाग. मग मधे बरीच वर्षं बोटीही सुटल्या आणि मासिकही सुटलं. गेल्या वर्षी स्वतःची छोटी शिडाची बोट घेतली, २६ फुटी, आणि पहिल्या आठवड्यात जे दोनतीन खर्च डोळे मिटून केले त्यात हे वर्षाचं सबस्क्रिप्शन होतं. म्हटलं आता आपल्याला त्याची खरी गरज आहे.

अकरा महिन्यांत अंक आले नऊ. मासिक आहे बरं का. दोनदा 'जोड अंक' म्हणून एकच पाकीट आलं आणि आतला मजकूर नेहमीपेक्षा थोडा कमीच होता, जोड कशाची ते कळलं नाही. पहिला अंक आला तेव्हा कव्हर धरून ८४ पानं होती, मग ६८, आता ५२. प्रेसमध्ये काम केलेल्यांना हा आकडा लगेच समजेल, छपाई सोळा सोळा पानांच्या फॉर्मात होते त्यामुळे मासिक आजारी पडलं की एकेक पान झडत नाही, एकदम सोळा पानांचा लचका तुटतो. आणि ६८ वरून ५२ वर आल्यावर पाठ गेली. म्हणजे आधी चिकटवलेली बांधणी होती, चौकोनी पाठ, त्यावर महिना आणि वर्ष छापलेलं, फळीवर ओळीने लावले की हवा तो अंक दोन सेकंदात निघायचा. आता मधोमध दोन पिना. फळीवर ठेवला की कुठला अंक कुठे गेला पत्ता लागत नाही. तुम्ही म्हणाल एवढ्याशा गोष्टीचं काय, पण बोटिंगचं मासिक वाचून फेकायचं नसतं हो, तीन वर्षांनी त्या खाडीत जायची वेळ येते तेव्हा ते शोधायचं असतं.

बरं, पानं कमी झाली त्याचं दुःख एका मर्यादेपर्यंत. कागदाचा खर्च, टपाल, सगळं समजू शकतो. माझी खरी तक्रार पानांवर जे छापतात त्याबद्दल आहे.

जुन्या अंकांत एक सदर असायचं, दर वेळी एक खाडी किंवा एक छोटं बंदर. एडिटर स्वतः त्याच्या बोटीने जायचा, ओहोटीला जायचा मुद्दाम, आणि हाताने काढलेला नकाशा छापायचा. माझ्याकडे आमच्याच खाडीच्या तोंडाचा आहे, जपून ठेवलाय. वाळूचा दांडा, त्याच्या दक्षिण टोकाला फुटलेल्या जुन्या धक्क्याचे खांब, कुठे चिखल कुठे वाळू कुठे दगड, नांगर कुठे धरतो आणि कुठे नुसता नांगरट करत येतो, सगळं. खाली गणित. दांड्यावर चार्टप्रमाणे, म्हणजे सागरी नकाशात दिलेलं अगदी खालच्या ओहोटीचं, पाणी ०.३ मीटर, त्यावर त्या दिवशीची ओहोटी ०.६, भरती ५.४, म्हणजे फरक ४.८. मग बारा भागांचा नियम, पाणी सहा तासांत चढतं ते १, २, ३, ३, २, १ या हिशोबाने, एक भाग इथे ०.४ मीटर. पहिल्या तासाला पाण्याची उंची १.०, दुसऱ्याला १.८, तिसऱ्याला ३.०. माझ्यासारख्या १.४ मीटर ड्राफ्टच्या (बोट पाण्याखाली जाते ती खोली) बोटीला अर्धा मीटर राखीव धरून १.९ पाणी पाहिजे, त्यातलं ०.३ चार्टचं, उरलेली १.६ उंची भरतीने द्यायची, म्हणजे ओहोटी संपल्यावर पावणेदोन तासांनी दांडा ओलांडायला घ्यायचा. आणि त्याखाली एडिटरची ओळ, की हे सगळं शांत पाण्यात, लांबून येणारी लाट एक मीटरची असेल तर दोन लाटांमधल्या खळग्यात तुमचं अर्धा मीटर पाणी गेलं, तेव्हा आणखी तासभर बाहेरच चहा करा.

हे एक पान मला चार वेळा उपयोगी पडलंय. चार वेळा म्हणजे खरोखर मोजून चार.

आता त्या सदराच्या जागी काय येतं तर 'स्वप्नवत दहा नांगरवाड्या' छापाचं काहीतरी, ड्रोनने काढलेले निळेशार फोटो, आणि मजकुरात पाणी किती हे सोडून सगळं. सूर्यास्त सुंदर दिसतो म्हणे. दिसणारच, पश्चिमेला तोंड आहे त्या खाडीचं, आणि म्हणूनच पश्चिमेचा वारा सुटला की रात्री तिथे कोणी थांबत नाही, ते मात्र लिहिलेलं नाही.

याहून वाईट प्रकार पाचव्या अंकात झाला. अनोळखी बंदरात शिरताना काय बघावं असा लेख होता, नवशिक्यांसाठी, आणि त्यात ठळक अक्षरात चौकट, की समुद्राकडून आत येताना लाल बोया (खोल पाण्याच्या वाटेची, म्हणजे चॅनेलची, कड दाखवणारी तरंगती खूण) उजव्या हाताला ठेवा. मी वाचलं, पुढे गेलो, परत मागे आलो. दोन मिनिटं मलाच वाटलं की आपणच इतकी वर्षं चुकतोय. तर भानगड अशी आहे की जगात बोयांच्या दोन पद्धती आहेत. आधी तर तीसहून जास्त होत्या, १९८० मध्ये आयला या दीपगृहं-बोयांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या परिषदेत सगळं दोनावर आणलं, प्रदेश अ आणि प्रदेश ब. ब म्हणजे दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स, तिथे आत येताना लाल उजवीकडे. बाकी जवळजवळ सगळं जग अ, तिथे लाल डावीकडे. आपण अ मध्ये. म्हणजे हा लेख तिकडच्या कुठल्या तरी भावंड-मासिकातून जसाच्या तसा उचलून इकडे छापला होता, आणि ज्याने पान लावलं त्याने कधी बंदरात बोट घातलेली नव्हती, किंवा पान कोणी वाचलंच नव्हतं. हॉटेलच्या मासिकात अशी चूक झाली तर कोणाचं काही जात नाही. इथे नवीन माणूस ती चौकट कापून केबिनमध्ये चिकटवेल आणि चॅनेलच्या बाहेरून जाऊन खडकावर बसेल.

मी मेल केला. आपोआप येणारं उत्तर आलं, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. आठवड्याने फोन केला तर पलीकडची मुलगी बिचारी नम्रपणे विचारते, 'सर, कोणतं मासिक?' कारण त्या एकाच टेबलावर सात मासिकं, एक बागकामाचं, एक लग्नाचं, एक जुन्या मोटारींचं. तिचा काय दोष. दोन अंकांनंतर शेवटून दुसऱ्या पानावर, जाहिरातीच्या खाली, दोन ओळींची दुरुस्ती आली. भिंग लागेल अशी.

हे सगळं का झालं याचा मी थोडा विचार केलाय, कारण नुसतं 'मोबाइलने मारलं' हे मला पटत नाही. असल्या मासिकाचं पोट अंकाच्या किमतीवर कधीच भरत नव्हतं. भरायचं ते मागच्या वीसेक पानांच्या छोट्या जाहिरातींवर. विकणे आहे, १९ फुटी, ट्रेलरसकट, इंजिन नवीन केलेलं. आम्ही अर्धे लोक अंक मागूनच उघडायचो. त्या जाहिराती फुकटच्या वेबसाइटवर गेल्या त्या दिवशी मासिकाचं जेवणच गेलं, आणि मग उरले मोठे जाहिरातदार, बोटी विकणारे. मग त्यांच्या बोटींच्या 'टेस्ट'. पूर्वी टेस्टमध्ये तक्ता असायचा, इतक्या आरपीएमला इतका वेग, तासाला इतकं डिझेल, केबिनमध्ये इतका आवाज, आणि खाली स्पष्ट लिहिलेलं की बिल्ज पंपापर्यंत (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) हात पोचत नाही, फिल्टर बदलायला माणूस लहान पाहिजे. या अकरा महिन्यांत मी सहा टेस्ट वाचल्या, सहाही बोटी उत्तम. एकीच्या लेखात तर बोट पाण्यात उतरल्याचा उल्लेखच नाही, सगळं वर्णन सोफ्याचं.

मग कंपनी विकली गेली, सगळी छोटी मासिकं एका छपराखाली आली, एडिटर गेला. स्वतःहून गेला की घालवला माहीत नाही, निरोपाचं संपादकीय वगैरे आलं नाही, एका अंकापासून नावच नाही.

आणि बोटिंगच्या मासिकात एडिटर हा टेबलावरचा माणूस नसतो राव. न्यूयॉर्कच्या 'द रडर'चा एडिटर थॉमस फ्लेमिंग डे, लोक म्हणायचे लहान बोटी खोल समुद्रात जाऊच शकत नाहीत, तर याने १९०६ मध्ये बर्म्युडापर्यंत शर्यतच ठेवली. तीन बोटी निघाल्या, त्यातली एक तो स्वतः चालवत होता, आणि जिंकला. ती शर्यत आजही होते. इंग्लंडच्या 'यॉटिंग मंथली'चा मॉरिस ग्रिफिथ्स चाळीसेक वर्षं, १९६७ पर्यंत एडिटर, आणि हा माणूस सुट्टीला काय करायचा तर पूर्व किनाऱ्यावरच्या चिखलाच्या उथळ खाड्यांत बोट घालायचा, तसल्या पाण्यासाठी कमी ड्राफ्टच्या बोटी स्वतः डिझाइन करायचा. असले लोक तुमच्या मासिकात पाहिजेत असं मी म्हणत नाहीये, एवढी माझी अपेक्षा नाही. पण निदान ओहोटी बघितलेला एक माणूस?

ॲप आहे की मग, असं कालच धक्क्यावर एकाने ऐकवलं. आहे, माझ्याकडेही आहे, मस्त आहे, आणि जग तिकडेच चाललंय हेही मान्य. अमेरिकेच्या नोआने, म्हणजे तिथल्या चार्ट काढणाऱ्या सरकारी संस्थेने, कागदी चार्ट बंद करणार असं २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२५ उजाडेपर्यंत पारंपरिक कागदी चार्ट संपवलेसुद्धा. पण स्क्रीनवर बोटीचा बाण कितीही अचूक दिसला तरी त्याच्याखालचा आकडा शेवटच्या सर्व्हेचा असतो, आणि वाळूचा दांडा सर्व्हेची वाट बघत बसत नाही. मोठ्या बंदराच्या चॅनेलमध्ये सारखी मोजणी होते कारण तिथे जहाजं जातात. आमच्या खाडीत कोण येणार मोजायला? तिथे तो हाताने काढलेला नकाशाच लागतो, आणि तेवढीच एक गोष्ट या मासिकाकडे होती जी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. नेमकी तीच सोडली आणि जे सगळीकडे फुकट मिळतं ते छापायला घेतलं.

डिजिटल आवृत्तीबद्दल फार लिहीत नाही. पान उलटल्याचा आवाज येतो. शोधता काहीच येत नाही.

चांगलं काय, तर इंजिनवाल्याचं अर्धं पान. हा एकटा जुना लेखक टिकलाय, आणि त्याला बहुतेक कोणी सांगितलेलंच नाही की मासिक बदललं. सहाव्या अंकात त्याने लिहिलं होतं की कूलिंगच्या पंपाचा रबरी इम्पेलर बदलताना त्याचं एखादं पातं तुटलेलं दिसलं तर नुसता नवीन घालून झाकण लावू नका, तो तुकडा शोधा, तो पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी जाऊन बसलेला असतो. मी शोधला. होता. दोन होते खरं तर, एक माझ्या आधीच्या मालकाच्या काळातला. त्या अर्ध्या पानाने सबस्क्रिप्शनचे निम्मे पैसे वसूल झाले हे प्रामाणिकपणे सांगतो.

भरती-ओहोटीचा तक्ता अजून येतो, पण पूर्वी मोठ्या बंदराच्या वेळेबरोबर आजूबाजूच्या छोट्या धक्क्यांचा फरक असायचा, इथे वीस मिनिटं उशिरा, तिथे पाणी अर्धा मीटर कमी, तो रकाना काढून टाकला. आता फक्त मोठ्या बंदराची वेळ, जिथे आमच्यातलं कोणी बोट लावत नाही. वाचकांची पत्रंही बंद झाली. पूर्वी त्या पत्रांत भांडणं असायची, हा म्हणे तिसरा बोया जागेवरून सरकलाय, पुढच्या महिन्यात दुसरा म्हणे बोया आहे तिथेच आहे, तुम्ही चष्मा बदला. त्या भांडणातून बोया कुठे आहे ते बाकीच्यांना कळायचं.

शर्यतींचं कॅलेंडर शर्यत झाल्यावर येतं. पुढे.

रिन्यूअलचं पत्र दोनदा आलंय, दुसऱ्यात सवलत जास्त आहे. नाही करणार. मागच्या आठवड्यात बंद करण्याचा फॉर्म भरला, कारण निवडा म्हणून यादी होती, महाग वाटतं, वेळ मिळत नाही, बोट विकली. माझं कारण त्यात नव्हतं, 'इतर'वर टिक केलं, तिथे लिहायला जागाच नाही.

त्याच संध्याकाळी शेजारच्या बोटीवाल्याचा मेसेज, तुझ्याकडे खाडीच्या तोंडाचा तो जुना नकाशा आहे ना. लॉकरच्या झाकणाच्या आत चिकटवलेला आहे, फोटो काढून पाठवला. लगेच उत्तर, हे अजून असंच आहे का रे? मला काय माहीत, नकाशा बारा वर्षांपूर्वीचा. दांडा नक्की हललाय, गेल्या महिन्यात दक्षिण टोकाशी लाट फुटताना पाहिली जिथे पूर्वी फुटत नव्हती. तर रविवारी उधाणाची ओहोटी आहे, त्याच्या वल्ह्यांच्या होडीने जायचं ठरलंय. इकोसाउंडर, म्हणजे खोली मोजणारं यंत्र, नाही त्या होडीला. शिशाचं वजन आणि खुणा केलेली दोरी मी आणतोय, वजनाच्या बुडाला लावायला घट्ट ग्रीस तो आणतोय, म्हणजे तळाला वाळू आहे की चिखल ते चिकटून वर येईल. वही पेन्सिल दोघांचीही.