वावरातल्या सोलर पंपासाठी एन-टाइप प्लेटा: जास्तीचे पैसे द्यावेत का?

५ एचपीच्या सौर पंपाला ५४० वॅटच्या साधारण ९ प्लेटा लागतात, म्हणजे ४८६० वॅट. जुन्या पी-टाइप मोनोऐवजी (एकाच स्फटिकाचं, बहुधा बोरॉन मिसळलेलं सिलिकॉन) एन-टाइप टॉपकॉन (फॉस्फरस मिसळलेल्या सिलिकॉनची नवी जात) घ्या, उन्हाळ्यात ओलित जास्त होईल, असं दुकानात सांगतात. हे खरं आहे, पण फार थोडं.

प्लेटवर छापलेले वॅट सेलचं (काचेखालच्या सिलिकॉनच्या पातळ चकतीचं) तापमान २५ अंश धरून मोजलेले असतात. मे महिन्यात अकोल्या-चंद्रपुराकडे बाहेर ४५ अंश असले की काचेखालचा सेल सहज ६५ वर जातो. पी-टाइपची वीज २५ च्या वर दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के घटते, एन-टाइपची ०.३०. चाळीस अंशांवर घट १४ विरुद्ध १२ टक्के. नऊ प्लेटांत फायदा जेमतेम शंभर वॅटचा.

खरा फरक स्फटिकात आहे. क्वार्ट्झच्या भांड्यात सिलिकॉन १४१४ अंशांना वितळवतात, त्यात बी-स्फटिक (बियाण्यासारखा छोटा तयार स्फटिक) टेकवून गोल फिरवत हळूहळू वर ओढतात. पोलंडच्या यान चोक्राल्स्की या शास्त्रज्ञाने ही पद्धत १९१६ मध्ये शोधली. भांडं थोडं झिजतं आणि त्याचा ऑक्सिजन स्फटिकात उतरतो. पी-टाइपमध्ये बोरॉन असेल तर ऊन लागताच बोरॉन-ऑक्सिजनची जोडी जमते आणि सुरुवातीलाच एक ते तीन टक्के वीज जाते. एन-टाइपमध्ये बोरॉनच्या जागी फॉस्फरस, म्हणून हा प्रश्नच उरत नाही. (बोरॉनऐवजी गॅलियम घातलेल्या नव्या पी-टाइपमध्येही तो बराच आटोक्यात आलाय.) वॉरंटीच्या कागदावर पी-टाइपला सहसा पहिल्या वर्षी २ टक्के आणि पुढे दरवर्षी ०.५५ टक्के घट लिहिलेली असते, एन-टाइपला १ आणि ०.४. पंचविसाव्या वर्षअखेर ८४.८ विरुद्ध ८९.४ टक्के उरतात. बोअरला तोवर पाणी राहिलं तर!

दोन्ही बाजूंनी काच असलेल्या प्लेटेचं मात्र कौतुक नको. मागून वीज मिळायला जमिनीवरून उजेड परतावा लागतो, आणि आपली काळी माती तो गिळते. वजनही २८ ऐवजी ३२ किलोच्या आसपास, त्यामुळे स्ट्रक्चर तसंच भक्कम हवं.

फुटलेल्या प्लेटेच्या जागी दुसऱ्या जातीची बसवू नका. एका ओळीत सगळ्यात कमी अँपिअरची प्लेट बाकीच्यांना रोखते. शिवाय एन-टाइपचं व्होल्टेज जास्त: ५१ व्होल्टच्या ९ प्लेटा म्हणजे ४५९, आणि डिसेंबरच्या थंड सकाळी त्यापेक्षा तीन-चार टक्के वर. पंप चालवणाऱ्या कंट्रोलरची व्होल्टेजची मर्यादा आधी पाहा.

धुताना प्लेटेवर चढू नका. आतला स्फटिक जेमतेम दीडशे मायक्रॉन, म्हणजे ०.१५ मिलिमीटर जाड. भेग स्फटिकातल्या अणूंच्या थरांना धरून पळते आणि वरून काच शाबूत दिसते. तापलेल्या काचेवर दुपारी बोअरचं गार पाणीही मारू नका. सकाळी सातच्या आत, मऊ फडक्याने. पाखरांची विष्ठा आधी भिजवून काढा, कारण तिच्या सावलीतला सेल तापून करपतो.