टायरमध्ये हवा किती? स्टिकरवरची, सवयीची की अंदाजाची

पंक्चरच्या दुकानात बाइक लावली की प्रश्न ठरलेला: "किती ठेवू?" आपलं उत्तरही ठरलेलं: "पुढे ३०, मागे ३५." कुणी मागे ४० सांगतं. माझ्या १५० सीसी गाडीच्या स्टिकरवर मात्र पुढे २५, मागे एकट्यासाठी २८ आणि डबलसीट असेल तर ३२ पौंड (गेजवर लिहिलेलं पीएसआय ते हेच) असं छापलेलं आहे. म्हणजे सवयीचा आकडा आणि कंपनीचा आकडा यांत चांगलंच अंतर आहे. शिवाय तिसरी एक मंडळी आहेत, कंबर दुखते म्हणून मुद्दाम हवा कमी ठेवणारी. यातलं काय निवडायचं?

घट्ट हवेपासून सुरुवात करतो, कारण महाराष्ट्रातल्या निम्म्या गाड्या तशाच पळत असाव्यात असं मला वाटतं. लोक ती उगाच भरत नाहीत. गाडी हलकी पळते, अ‍ॅव्हरेज थोडं वाढतं, महिनाभर हवेकडे बघावं लागत नाही. हे सगळं खरं आहे. पण बाइकच्या एका टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. वळणं, ब्रेक, सगळं त्याच्याच जिवावर. हवा जास्त झाली की तो भाग आक्रसतो, टायर फक्त मधोमध झिजतो आणि खडबडीत रस्त्यावर चाक टेकून राहण्याऐवजी उडत राहतं.

पुढच्या टायरमध्ये जास्त हवा तर मला सगळ्यात धोक्याची वाटते. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाकच करतं. एका जुलैत कोयनानगरहून चिपळूणला कुंभार्ली घाट उतरत होतो. ओल्या वळणावर पुढचं चाक हातभर सरकलं. पडलो नाही, पण पुढचे दोन तास हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेज लावलं तर पुढे ३६! मागच्या आठवड्यात हवा भरून घेतली होती आणि आकडा मी बघितलाच नव्हता. घसरण्याचं कारण एकटी हवाच होती असं मी म्हणणार नाही, रस्त्यावर शेवाळ होतंच. पण त्या दिवसापासून पुढची हवा मी दुसऱ्याच्या अंदाजावर सोडलेली नाही.

आता कमी हवा. एकट्याने, गावातल्या गावात, चार-पाच पौंड कमी असतील तर गाडी मऊ लागते आणि बरं वाटतं. डबलसीट बसलात की मात्र हाच पर्याय सगळ्यात वाईट. टायरच्या भिंती सारख्या दबून गरम होतात, मागून गाडी डुलते, हँडल जड होतं. खड्डा लागला की रिमला पोचा येतो, नाहीतर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात ट्यूब चेपून फाटते. स्पोकच्या, ट्यूबवाल्या चाकात आणखी एक भीती आहे. टायर रिमवर सरकतो, त्याच्यासोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. मग हवा हळूहळू जात नाही, एका क्षणात जाते.

म्हणून माझी निवड स्टिकरवरचा आकडा हीच आहे. मात्र त्यातला एकट्याचा आणि डबलसीटचा फरक मनापासून पाळायला हवा. पुढचा आकडा सहसा तोच राहतो आणि मागचा वाढतो, कारण मागे बसणारा माणूस जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेला असतो. रोज एकट्याने कामावर जाणाऱ्याने मागे कायम डबलसीटची हवा ठेवू नये. रोज बायको-मुलाला घेऊन जाणाऱ्याने २८वर समाधान मानू नये. कधी एकटे, कधी दोघे असं असेल तर मी डबलसीटचाच आकडा ठेवीन. मागच्या टायरला दोन-चार पौंड जास्त चालतात, भरल्या गाडीला कमी चालत नाहीत. तुमच्या गाडीचे आकडे माझ्याहून वेगळे असतील. ते चेन कव्हरवर, स्विंगआर्मवर (मागचं चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यावर) किंवा गाडीच्या पुस्तकात सापडतील. टायरच्या बाजूला कोरलेला मोठा आकडा बघून हवा भरू नका, ती त्या टायरची कमाल मर्यादा असते.

स्टिकरवरचे आकडे थंड टायरचे असतात, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सकाळी २८ भरून निघालात, उन्हातून साठ-सत्तर किलोमीटर गेलात, की तोच टायर ३१-३२ दाखवतो. हे बरोबरच आहे. त्या वेळी "जास्त झाली" म्हणून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये २४-२५च उरते. गरम टायरची हवा कधी सोडू नका. तापमान दहा अंशांनी बदललं की साधारण दीड पौंड इकडेतिकडे होतो, म्हणून मे महिन्यात भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमीच भरणार.

पावसाळ्यात हवा उतरवावी असं बरेच जण सांगतात. डांबरी रस्त्यासाठी मला ते पटत नाही. कमी हवेत टायरच्या खाचा दबतात आणि पाणी बाहेर फेकायला जागा उरत नाही. चिखलाचा किंवा सुट्या खडीचा कच्चा रस्ता, तोही सावकाश जाण्यासाठी, एवढ्यापुरती चार पौंड कमी करावी. पण जवळ पंप असेल तरच, कारण पुढे डांबर लागलं की ती परत भरावीच लागते.

टायरमध्ये साध्या हवेऐवजी पैसे घेऊन नायट्रोजन भरून देतात, त्यावर पैसे घालवू नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळायलाच हवी.

त्या पैशांत स्वतःचं गेज घ्या. दिवसभर जमिनीवर आपटणाऱ्या पाइपच्या गेजवर माझा भरवसा नाही. दोन पंपांवर चार पौंडांचा फरक मी स्वतः मोजलाय. मी दर रविवारी सकाळी, गाडी बाहेर काढायच्या आधी मोजतो. गणपतीला दोघं कोकणात निघणार असलो की आदल्या रात्रीच पायपंपाने मागे ३२ करून ठेवतो. मग व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघतो आणि टोपी घट्ट बसवतो. टोपी हरवली असेल तर आधी ती आणा, घाटातला चिखल व्हॉल्व्हच्या पिनमध्ये बसला की हवा रात्रभर झिरपत राहते.