चार चॅनेलचा लॉजिक लेव्हल कन्व्हर्टर: ठिबकच्या कंट्रोलरला चालतो, एलईडी पट्टीला नाही

रावेर-यावलकडे केळीच्या ठिबकसाठी टायमर करायचा असो की हौदातल्या पाण्याची पातळी दाखवणारी पेटी, ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि १६ बाय २ चा एलसीडी ही जोडी ठरलेलीच. पहिला ३.३ व्होल्टचा, दुसरा ५ व्होल्टचा. या दोघांच्या मध्ये सिग्नलचे व्होल्टेज जुळवायला मिळणारे नखाएवढे मॉड्यूल म्हणजे हा चार चॅनेलचा कन्व्हर्टर. त्यावर चार बीएसएस१३८ मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि दोन्ही बाजूंना १० किलोओहमचे पुल-अप (तारेला सप्लायकडे ओढून धरणारे रेझिस्टर), बस्स.

एलसीडी थेट जोडूनही चालतो, हे खरे. पण त्याच्या पाठीवरच्या आय-टू-सी (दोन तारांवरून डेटा पाठवण्याची पद्धत) बोर्डवर ४.७ किलोओहमचे पुल-अप ५ व्होल्टला बांधलेले असतात, म्हणजे ईएसपीच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात आणि तिथली मर्यादा ३.६ आहे. पुल-अप काढून टाकले तरी तिथल्या पीसीएफ८५७४ चिपला ५ व्होल्टच्या सप्लायवर ‘हाय’ (म्हणजे १) समजायला ३.५ व्होल्ट लागतात, ३.३ थोडक्यात कमी पडतात. टेबलावर चालते, शेतात अक्षरे विचित्र उमटू लागतात. या कामाला मॉड्यूल अगदी चोख आहे.

जोडणी अशी: एलव्हीला (कमी व्होल्टची बाजू) ३.३, एचव्हीला (जास्त व्होल्टची बाजू) ५ व्होल्ट, ग्राउंड दोन्हीकडचे एकत्र. एसडीए (डेटाची तार) एलव्ही१ मधून एचव्ही१ ला, एससीएल (क्लॉकची तार) एलव्ही२ मधून एचव्ही२ ला. ‘मॉड्यूल मेलेलेच आले’ अशा तक्रारींच्या मागे बहुतेक वेळा एलव्हीला वीजच दिलेली नसते, किंवा ग्राउंड एकाच बाजूला असतो. एलव्ही आणि एचव्ही उलटे जोडले तर मात्र ३.३ च्या बाजूवर ५ व्होल्ट चढतात आणि ईएसपीचे काही खरे नाही. म्हणून ईएसपी लावण्याआधी मल्टीमीटर लावा. मोकळ्या एलव्ही१ वर ३.३ आणि एचव्ही१ वर ५ दिसले पाहिजेत. एलव्ही१ ग्राउंडला टेकवला की एचव्ही१ शून्याजवळ यायला हवा. नाही आला तर आधी हेडरचे (पिनांच्या पट्टीचे) सोल्डर बघा. पिना सुट्या मिळतात. सोल्डर न करता नुसत्या भोकात अडकवून ब्रेडबोर्डवर दाबल्या तर संपर्क येतो-जातो. हात बसलेला नसेल तर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून बारा पिना लावून घ्या, पाच मिनिटांचे काम आहे.

जळगावच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत मॉस्फेटला काही होत नाही, त्याचे जंक्शन १५० अंशांपर्यंत चालते. त्रास देतात ते पंपघरातल्या धुळीत सैल झालेले जंपर. पेटी शेतात जाणार असेल तर ब्रेडबोर्ड घरीच ठेवा, झिरो बोर्डवर (भोके असलेल्या साध्या पाटीवर) सोल्डर करा.

आता जिथे हे घेऊ नये ते. डब्ल्यूएस२८१२बी एलईडी पट्टी, जी गणपतीच्या देखाव्यात हमखास असते. तिला ५ व्होल्टवर ३.५ व्होल्टचा ‘हाय’ हवा. या मॉड्यूलमधला मॉस्फेट सिग्नल साधारण २ व्होल्टपर्यंत झटकन उचलतो, पुढचे काम १० किलोओहमच्या पुल-अपवर पडते. वायरीची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरली तर ३.५ गाठायला सुमारे ०.७ मायक्रोसेकंद जातात, आणि पट्टीचा ‘शून्य’ वाचायचा पल्स जेमतेम ०.४ चा. वायर बोटभर असेल तर कधी चालते, कधी रंग लुकलुकतात. तिथे ७४एएचसीटी१२५ ही बफर चिप घ्या: ५ व्होल्टवर चालवली तरी २ व्होल्टला ‘हाय’ मानते. तिची ओई (आउटपुट चालू करणारी) पिन ग्राउंडला, न वापरलेले इनपुटही ग्राउंडला, सप्लायच्या पिनांलगत ०.१ मायक्रोफॅरड, आणि आउटपुटला ३३० ओहम.

रिलेही या मॉड्यूलमधून चालवायचा नाही. ‘हाय’ला करंट देतो तो फक्त पुल-अप: ५ व्होल्ट भागिले १० किलोओहम, म्हणजे अर्धा मिलिअँपिअर. रिलेला ट्रान्झिस्टर किंवा यूएलएन२००३ ही ड्रायव्हर चिप.

हौदावरच्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचा इको (परतीचा सिग्नल) ५ व्होल्टचा असतो, पण तो एकाच दिशेने येतो. त्याला १ आणि २ किलोओहमचे दोन रेझिस्टर पुरतात, मधून ३.३ मिळतात. (सेन्सर उघड्या जाळीचा घेऊ नका, हौदाची वाफ त्याला खाते.)

आठ चॅनेलचे टीएक्सएस०१०८ई वाले मॉड्यूल बघून ‘दुप्पट मिळतेय’ असे वाटते. पण त्यातले कडा धारदार करणारे सर्किट लांब वायरीवरच्या आय-टू-सीला अडखळवते, आणि ओई पिन वर ओढली नाही तर काहीच चालत नाही. आय-टू-सीसाठी चारवालेच बरे. एकच मागवू नका. जळगाव-धुळ्याला कुरिअरचा खर्च मॉड्यूलपेक्षा जास्त पडतो, तेव्हा पाच घ्या आणि त्याच पार्सलमध्ये दोन ७४एएचसीटी१२५ टाका.