झाडीपट्टीच्या रात्री आणि पहिला डीएसएलआर : निकॉन डी७२०० व दोन प्राइम लेन्स, वापरानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस सुरू झाले की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीपट्टीत होळीच्या सुमारापर्यंत गावोगावी रात्रीची नाटके होतात. रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेच पडतो, आणि तोवर छायाचित्रकाराच्या वाट्याला येतात ते रंगमंचावरचे काही हॅलोजन, रंग बदलणारे एलईडी दिवे आणि त्यांच्या मागचा काळा पडदा. मी ब्रह्मपुरी तालुक्यात राहतो. नाटक कंपन्यांचे मुख्य ठिकाण असलेले वडसा वैनगंगेच्या पलीकडेच असल्यामुळे हंगामात प्रयोगांची वानवा नसते. पहिला कॅमेरा घेताना माझी गरज त्यामुळे स्पष्ट होती : ही नाटके फ्लॅश न वापरता टिपता आली पाहिजेत. एक पूर्ण हंगाम आणि त्यानंतरचा पावसाळा असा वापर झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे.

माझ्यासमोर तीन पर्याय होते. कॅनन २००डी मार्क टू, निकॉन डी५६०० हे दोन्ही १८-५५ मिमी किट लेन्ससह (कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम लेन्स), आणि वापरलेला निकॉन डी७२०० सोबत ३५ मिमी एफ/१.८ जी ही नवी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स. तिन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे आणि एपीएस-सी या साधारण सारख्याच आकाराच्या सेन्सरचे आहेत, म्हणजे केवळ सेन्सर पाहिला तर अंधारातील निकालात फार मोठी तफावत पडण्याचे कारण नाही. तफावत पडते ती लेन्समुळे. किट लेन्स ५५ मिमीवर नेली की तिचे छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठे उघडत नाही (एफनंतरचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). त्या जागी एफ/१.८ ची लेन्स लावली तर सेन्सरवर सुमारे साडेनऊ पट प्रकाश पडतो. आमच्याकडच्या रंगमंचावर मला साधारण आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२००, एफ/२ आणि शटरसाठी सेकंदाचा १/२०० भाग असे आकडे मिळतात. तेवढ्याच आयएसओवर एफ/५.६ वापरायचे ठरवले तर शटर १/२५ वर येते, आणि १/२५ ला संवाद म्हणत हात उंचावणाऱ्या नटाचा हात चित्रात धुरासारखा पसरतो. किट लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा येथे उपयोगी पडत नाही, कारण ती छायाचित्रकाराच्या हाताचे कंप सावरते, नटाची हालचाल थांबवू शकत नाही. हे गणित कागदावर मांडल्यावर नव्या कॅमेऱ्याचा मोह आपोआप कमी झाला, कारण किट लेन्ससह नवा कॅमेरा घेऊन वर मोठ्या छिद्राची लेन्स घेणे माझ्या पैशांत बसत नव्हते.

डी७२०० हा २०१५ चा कॅमेरा आहे, आणि जुना असल्याबद्दल मित्रांनी बरेच ऐकवले. तरीही तो निवडण्यामागे फोकस हे मुख्य कारण होते. त्याची फोकस यंत्रणा उणे ३ ईव्हीपर्यंतच्या प्रकाशात (ईव्ही हे उजेडाचे माप; आकडा जितका खाली तितका अंधार जास्त) काम करते, डी५६०० ची उणे १ ईव्हीपर्यंत; म्हणजे दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). प्रत्यक्षात हा फरक रंगमंचाच्या कडेला जाणवतो, जेथे दिव्यांचा झोत पोहोचत नाही आणि खलनायक नेमका तेथूनच प्रवेश करतो. मधले क्रॉस प्रकारचे (आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे) फोकस बिंदू वापरावेत. कडेचे बिंदू अशा प्रकाशात पुढे-मागे चाचपडत राहतात. दुसरे कारण असे की या बॉडीत फोकसची मोटर आहे. त्यामुळे ५० मिमी एफ/१.८ डी सारख्या जुन्या आणि स्वस्त लेन्सही तिच्यावर आपोआप फोकस होतात. डी३५०० किंवा डी५६०० वर त्याच लेन्स हाताने फोकस कराव्या लागतात, ही गोष्ट दुकानात सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

आता लेन्सविषयी, कारण या संचाचे खरे मूल्य तेथे आहे. ३५ मिमी लेन्समध्ये तीस फुटांवरून साधारण वीस फूट रुंदीचे दृश्य मावते. आमच्याकडील बहुतेक रंगमंच त्यात जवळजवळ पूर्ण येतात, म्हणून समूहाची दृश्ये, लावणी आणि शेवटचा प्रवेश यांसाठी हीच लेन्स लागते. त्या अंतरावर एफ/२ ठेवूनही समोरचा नट आणि मागे उभी असलेली मंडळी दोन्ही पुरेशी स्पष्ट येतात, ही गोष्ट नवख्या माणसाला खरी वाटत नाही, कारण मोठे छिद्र म्हणजे मागचे सगळे धूसर असा समज सर्वत्र पसरलेला आहे. तीच लेन्स रंगपटात, एका बल्बखाली तोंडाला रंग लावत बसलेल्या कलावंतापासून चार फुटांवर वापरली की चित्र एकदम उलट होते. तेथे स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे स्पष्ट दिसणारा भाग, जेमतेम चार-पाच बोटे उरते, डोळ्यावर फोकस साधला तर कान हातचा जातो, आणि आरशातल्या प्रतिबिंबावर फोकस करायचा की प्रत्यक्ष चेहऱ्यावर, हे आधी ठरवूनच बटण दाबावे लागते.

दुसरी लेन्स, ८५ मिमी एफ/१.८ जी, मी मंडई संपल्यानंतर घेतली. तीस फुटांवरून कॅमेरा उभा धरला तर तिच्या चौकटीत एक पात्र डोक्यापासून पायापर्यंत बसते आणि वर थोडी जागा राहते. पुढच्या रांगेत सरकले तर चेहरा आणि हात. येथे मात्र एफ/२ वर स्पष्टतेची खोली तीन फुटांच्या आसपासच असते. नायक पुढे आणि नायिका चार पावले मागे उभी असेल तर दोघांपैकी एकालाच निवडावे लागते. माझ्या मते ही मर्यादा नाट्यछायाचित्रणाच्या फायद्याचीच आहे, कारण मागे टांगलेला रंगवलेला पडदा आणि त्यावरच्या घड्या मवाळ होऊन जातात. या लेन्सचा फोकस विजेसारखा नाही, पण नेमका आहे. ३५ मिमीबद्दल एक तक्रार नोंदवतो : पूर्ण उघड्या छिद्रावर, हॅलोजनच्या उजेडात चमकणाऱ्या दागिन्यांच्या आणि जरीच्या कडांना जांभळी-हिरवी झालर दिसते. एफ/२.२ वर ती बरीच कमी होते.

या दोनऐवजी १७-५० मिमी एफ/२.८ ही एकच झूम लेन्स घ्यावी, असा सल्ला अनेक जण देतात, आणि लग्नसमारंभ करणाऱ्यांसाठी तो योग्यही आहे. नाटकासाठी मला तो पटत नाही. एफ/२.८ आणि एफ/१.८ यांत प्रकाशाचा फरक जवळजवळ अडीच पट आहे, आणि ५० मिमीची पोच रंगमंचावरील एकट्या चेहऱ्यासाठी कमी पडते.

दिव्यांच्या लुकलुकण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण पहिल्या रात्रीची निम्मी चित्रे याच कारणाने वेगवेगळ्या उजेडाची येऊ शकतात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तिच्यावर थेट चालणारे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तीव्र होतात. डोळ्यांना ते कळत नाही, परंतु १/२५० किंवा १/५०० ला घेतलेल्या चित्रात आडवे पट्टे येतात, किंवा एकामागून एक घेतलेल्या तीन चित्रांचा उजेड तीन प्रकारचा येतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले की एक पूर्ण फेरा चित्रात सामावतो आणि हा दोष जातो. हॅलोजनची तार तापलेली राहत असल्याने तिच्यात हा चढउतार फार कमी असतो. स्वस्त एलईडीमध्ये तो सर्वाधिक जाणवतो. मी प्रयोगाच्या सुरुवातीला नांदी चालू असतानाच दोन-तीन चाचणी चित्रे घेतो आणि पट्टे दिसले तर १/१०० वर येतो. डी७२०० मध्ये छायाचित्रांसाठी लुकलुक टाळणारी सोय नाही. ती नंतरच्या डी७५०० मध्ये आली. ज्यांचे काम मुख्यतः एलईडीखाली आहे त्यांनी हा मुद्दा गांभीर्याने घ्यावा.

प्रकाशमापनात काळा पडदा फसवतो. कॅमेरा संपूर्ण चौकटीची सरासरी काढतो, बराचसा भाग काळा असल्याने चित्र उजळवतो, आणि पांढरे धोतर नेसलेल्या नटाचा चेहरा पिठासारखा होतो. मी मॅन्युअलवर छिद्र आणि शटर ठरवून आयएसओ स्वयंचलित ठेवतो आणि उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे एक स्टॉपच्या आसपास लावतो. मॅन्युअलमध्येही ही भरपाई चालते, ही या कॅमेऱ्याची मला आवडलेली गोष्ट आहे. लाल दिव्याखाली साधा हिस्टोग्रॅम (चित्रातील उजेडाचा आलेख) सगळे ठीक असल्याचे सांगतो आणि लाल रंग मात्र करपलेला असतो, म्हणून तिन्ही रंगांचा स्वतंत्र आलेख पाहण्याची सवय लावावी. चित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपातच घ्यावीत. १४ बिट रॉमध्ये सावल्या दोन स्टॉप उजळल्या तरी चेहऱ्याचा रंग टिकतो.

जास्त आयएसओवर चित्रात येणाऱ्या दाण्यांचे (नॉइजचे) म्हणाल तर आयएसओ ३२०० वर ते मला अजिबात खुपत नाहीत, ६४०० वर दिसतात पण छपाईत चालून जातात, आणि त्यापुढे मी नाइलाज असेल तरच जातो. रॉ प्रक्रियेसाठी डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे ठरले आहे.

हीच सामग्री घेऊन चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथील देवळांत गेलो तेव्हा कमी प्रकाशाचा दुसरा प्रकार भेटला. तेथील दगडी शिल्पे हलत नाहीत. खांबाला कोपर टेकवून, श्वास रोखून १/१५ ला घेतलेले चित्रही स्पष्ट येते, आणि तेथे मित्राची किट लेन्स कंपनरोधकाच्या जोरावर माझ्या लेन्सच्या बरोबरीने चालली. त्यामुळे ज्यांना प्रामुख्याने देवळे, वाडे किंवा रात्रीचे आकाश टिपायचे आहे त्यांनी मोठ्या छिद्राच्या लेन्सआधी चांगल्या तिवईचा (ट्रायपॉडचा) विचार करावा, फक्त पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत तिवईसाठी परवानगी लागते हे लक्षात ठेवावे.

हवामानाचा त्रास दोन्ही टोकांचा आहे. धानाच्या मळणीच्या दिवसांत हवेत कोंडा आणि धूळ इतकी असते की मैदानात लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर डाग ओढवून घेणे. मी लेन्स रंगपटात किंवा बंद गाडीत बदलतो. पौषातल्या थंडीत मध्यरात्रीनंतर दव पडू लागले की लेन्सच्या काचेवर बाष्प धरते. तेव्हा गळ्यातल्या दुपट्ट्याने काच पुसण्याचा मोह आवरावा आणि लेन्सचे हूड सतत लावून ठेवावे. पावसाळ्यात खरी भीती बुरशीची आहे. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह दोन्ही लेन्स ठेवल्या आणि अधूनमधून बाहेर काढून वापरल्या, त्यामुळे त्या अद्याप स्वच्छ आहेत. कापडी पिशवीत महिनोन्महिने बंद ठेवलेली लेन्स आमच्या भागात टिकत नाही.

वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडले आहे हे चित्राच्या फाइलमधून पाहता येते. डी७२०० चे शटर दीड लाख उघडझापांपर्यंत तपासलेले आहे. लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चकडे पाहिले की बुरशीचे जाळे लगेच दिसते. नागपुरात सीताबर्डीवर एका दुकानदाराने टॉर्च लावू देण्यास टाळाटाळ केली, आणि मी तेथून उठलो.

कॅमेऱ्याच्या उणिवा मान्य केल्या पाहिजेत. बॅटरीसह त्याचे वजन ७६५ ग्रॅम आहे, आणि ८५ मिमी लेन्स जोडली की पहाटेपर्यंत मान आखडते. पडदा स्थिर आहे, त्याला स्पर्शाची सोय नाही, आणि मागच्या पडद्यावर पाहून फोकस करणे अंधारात इतके संथ आहे की मी ते सोडूनच दिले. शटरचा आवाज शांत रीतीतही ऐकू येतो. गाणे चालू असताना हरकत नाही, परंतु करुण प्रसंगात शेजारचे आजोबा वळून पाहतात. फोकससाठी पेटणारा पुढचा दिवा मात्र पहिल्याच दिवशी मेनूमधून बंद करावा, कारण तो थेट नटाच्या डोळ्यांत जातो.

ज्यांना प्रयोगाचे चित्रीकरणही करायचे आहे त्यांनी डी७२०० घेऊ नये. त्यांच्यासाठी कॅनन २००डी मार्क टू अधिक योग्य आहे, कारण मागच्या पडद्यावर पाहून चित्रीकरण करताना त्याचा ड्युअल पिक्सेल फोकस चेहऱ्यामागे शांतपणे सरकतो. त्यावर कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम ही हलकी लेन्स लावली तरी बरेच काम भागते. निकॉनने २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही आणि दोन्ही कंपन्यांचा भर आता आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे, त्यामुळे ज्यांचे पैसे पुरतात त्यांनी तो मार्ग जरूर पाहावा. माझ्यापुरते म्हणाल तर येत्या मंडईपर्यंत मी बॉडी बदलणार नाही; साठवलेले पैसे एका जादा मूळ बॅटरीवर आणि दुसऱ्या मेमरी कार्डावर जातील, कारण या कॅमेऱ्यात दोन कार्डांच्या खाचा आहेत आणि पहाटेपर्यंतचा प्रयोग दोन्हींवर एकाच वेळी साठवून ठेवता येतो.